दोनशे ऐंशी फुल्या आणि एक रिकामं फंक्शन

"साहेब, तुमचं मशिन अंडी फिरवीना," फोनवर मंदाताई म्हणाल्या.

मी कंप्लेंटच्या वहीत तारीख टाकली आणि तेवीस वर्षांच्या अनुभवाच्या आवाजात विचारलं, "डिस्प्लेवर टर्नच्या पुढे आकडा काय दिसतोय?"

"सोळा."

"म्हणजे सोळा वेळा फिरवलीत की."

"आकडा फिरलाय, साहेब. अंडी हायेत तिथंच हायेत."

मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. आदल्या संध्याकाळी सातला त्यांनी मशिन सुरू केलं होतं. तासाला एकदा या हिशेबानं सोळा बरोबर होतं. माझ्या दृष्टीनं विषय तिथंच संपला होता.

आमची कंपनी नगरच्या एमआयडीसीत आहे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, आमच्या लेटरहेडवरही झालंय, पण बोलताना जीभ नगरच म्हणते. आम्ही अंडी उबवायची मशिनं बनवतो, कंट्रोलरसकट. मशिनच्या पुढच्या बाजूला डिस्प्ले आणि चार बटणं असलेली जी पेटी असते, तिला कंट्रोलर म्हणतात. तिच्यातला प्रोग्रॅम मी लिहितो. लोक मला इंजिनिअर म्हणतात, बायको म्हणते कोंबड्यांचा माणूस.

कोंबडी अंड्यांवर बसते तेव्हा नुसती ऊब देत नाही. दिवसभर चोचीनं अंडी उलटीपालटी करत असते. तसं झालं नाही तर आतलं वाढणारं पिल्लू कवचाला चिकटतं आणि मरतं. मशिनमध्ये हे काम रोलर करतात. अंडी रोलरवर आडवी ठेवायची. दर तासाला मोटर काही सेकंद चालते, रोलर फिरतात आणि अंडी कूस बदलतात. अठराव्या दिवसापर्यंत हे चालतं. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात.

मंदाताई देवळाली प्रवराच्या. घरचा ऊस आहे, पण त्यांचा जीव गावरान कोंबड्यांत. मशिन घ्यायच्या आधी त्या साध्या पेटीत बल्ब लावून पिल्लं काढायच्या आणि अंडी हातानं फिरवायच्या. कुठलं फिरवलं आणि कुठलं राहिलं हे कळावं म्हणून प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीनं फुली आणि दुसऱ्या बाजूला गोळा काढायच्या. मी मशिन बसवायला गेलो तेव्हा म्हणालो होतो, "ताई, आता ह्याची गरज नाही. मशिन स्वतः मोजतं." त्या "बरं" म्हणाल्या आणि माझ्यादेखत पेन्सिलीला टोक काढायला बसल्या. दोनशे ऐंशी अंडी, दोनशे ऐंशी फुल्या, दोनशे ऐंशी गोळे.

आणि आता त्यांचं म्हणणं होतं, सगळ्या फुल्या वर आहेत, काल ठेवल्या तशाच.

मला लगेच उत्तर सुचलं. तसं ते मला नेहमीच लगेच सुचतं. मी म्हणालो, "ताई, सोळा ही सम संख्या आहे. एकदा फिरलं की गोळा वर, दुसऱ्यांदा फिरलं की पुन्हा फुली वर. सोळाव्यांदा फुली वरच येणार."

मग त्या म्हणाल्या, "साहेब, यातली काही अंडी लिंबाएवढी हायेत आन् काही पेरवाएवढी. त्याच रोलरवर बारकं जास्ती फिरतं का मोठं?"

"बारकं," मी म्हणालो.

"मंग सोळा येळा फिरल्यावर सगळ्यांच्या फुल्या येका रांगेत कशा ऱ्हातील? इथं शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या हायेत."

माझ्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री आहे. ती भिंतीवर आहे. मी वहीत 'मोटर तपासणे' असं लिहिलं.

मोटर जळली असेल, पट्टा निसटला असेल, वायर सुटली असेल, असं मी एकेक सांगत गेलो. मंदाताईंनी मला मध्येच थांबवलं. त्यांनी मागचं झाकण उघडून, पट्टा सोडवून मोटरच्या दोन वायरी ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावून बघितल्या होत्या. मोटर मस्त फिरली होती. असं करू नका असं मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरांत छापलेलं आहे. पण तपास माझ्यापेक्षा चांगला झाला होता.

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. ही अंडी त्यांची नव्हती. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे. तिथल्या बचत गटाच्या हिराबाईंनी ती आणून दिली होती. मागच्या वर्षी पाड्यावर मानमोडी आली. हा कोंबड्यांचा रोग वस्तीच्या वस्ती रिकामी करतो. त्यातून ज्या थोड्या कोंबड्या वाचल्या, त्यांची अंडी बायकांनी आठवडाभर ना विकली, ना पोरांना खाऊ घातली. एकेक करून जमवली आणि भुशात घालून मंदाताईंच्या हवाली केली. पुन्हा घरोघरी पिल्लं दिसावीत म्हणून.

"पयल्या दिवशी न्हाई फिरवलं तरी निभतं," मंदाताई म्हणाल्या. "पुढं न्हाई निभत. मी आता हातानं फिरवते, पन दर येळेला झाकन उघडलं की ऊब जाती. असं अठरा दिवस न्हाई चालायचं. ही अंडी गेली तर त्या बायांकडं पुन्हा मागायला मला तोंड न्हाई."

मी म्हणालो, "उद्या सकाळी येतो."

त्या दिवशी दुपारी मी ऑफिसातल्या टेबलावरचं मशिन सुरू केलं. अंड्यांच्या जागी लिंबं ठेवली. घड्याळ पुढे केलं. तास भरला आणि लिंबं छान फिरली. पुन्हा केलं, पुन्हा फिरली. आमचे मालक बोरा साहेब मागे येऊन उभे राहिले. त्यांना प्रोग्रॅममधलं काही कळत नाही, पण माझ्या मानेकडे बघून परिस्थिती कळते.

"इथं चालतंय ना?" त्यांनी विचारलं.

"इथं चालतंय."

"मग तिकडं व्होल्टेजचा प्रॉब्लेम असेल. नवीन मोटर घेऊन जा, पॉवर सप्लाय घेऊन जा, आणि बाईंना गोड बोल."

'इथं चालतंय' हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात आवडतं वाक्य आहे. त्यानं बोलणाऱ्याला बरं वाटतं. ऐकणाऱ्याला त्याचा काहीच उपयोग नसतो.

बुधवारी सकाळी मी निघालो. विळद घाट उतरल्यावर उसाच्या ट्रॉल्या लागल्या. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या आणि त्याच्या मागे मी, असं राहुरीपर्यंत चाललं. देवळालीला पोचलो तेव्हा अकराला थोडा वेळ होता. मंदाताईंनी पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाल्या, "बसू नका. तास भरतोय. आधी डोळ्यानं बघा."

शेडमध्ये मशिनच्या काचेला आम्ही दोघं नाक लावून उभे राहिलो. अकरा वाजले. डिस्प्लेवर एकोणचाळीसचं चाळीस झालं. रोलर तसूभर हलले नाहीत. दोनशे ऐंशी फुल्या माझ्याकडे बघत होत्या.

"फिरली का?" मंदाताईंनी विचारलं.

"नाही फिरली."

"हां," त्या म्हणाल्या. एवढंच. दिवसभर वाट बघितलेल्या माणसानं एवढ्यावर सोडलं, हे त्यांचे उपकार.

मी मीटर काढला. मोटरकडे जाणाऱ्या वायरीत तास भरताना व्होल्टेज येतंय का ते बघायचं होतं. घड्याळ पुढे करून तास भरवला. आकडा वाढला, मीटर शून्य. म्हणजे मोटर, पट्टा, व्होल्टेज हे सगळे निर्दोष सुटले. मोटरला हुकूमच जात नव्हता. हुकूम देणारा मी.

मग मी लॅपटॉप जोडला आणि ऑफिसातल्या मशिनमध्ये असलेला प्रोग्रॅम ह्या मशिनमध्ये भरला. तोवर मशिनवर मंदाताईंनी गोधडी घातली, ऊब जाऊ नये म्हणून. घड्याळ पुढे केलं. रोलर फिरले. मंदाताई गोधडी उचलून म्हणाल्या, "झालं की."

झालं नव्हतं. ऑफिसातला प्रोग्रॅम टेस्टचा असतो. त्यात एक जास्तीचा मेनू असतो, त्यातून मोटर, हीटर, पंखा हे बटण दाबून लगेच चालवून बघता येतं. कारण खऱ्या प्रोग्रॅममध्ये मोटर तासातून एकदा चालते आणि एक तास कोण थांबतं? आम्ही तर नाही. पण टेस्टच्या प्रोग्रॅममध्ये टेम्परेचरचे अलार्म बंद असतात. तो शेतकऱ्याच्या मशिनमध्ये ठेवून जाता येत नाही.

तेवढ्यात मंदाताईंचा फोन वाजला. हिराबाई होत्या. अंडी कशी आहेत विचारत होत्या. मंदाताईंनी थाप मारली नाही. "मशिन आडलंय, हिराबाई," त्या म्हणाल्या. "मी हातानं फिरवतीय. कंपनीचे साहेब आलेत, बघत्यात." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मंदाताईंनी फोन ठेवला आणि पुन्हा मशिनपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मला मनापासून लाज वाटली.

मी खरा प्रोग्रॅम पुन्हा भरला. मोटर बंद. टेस्टचा भरला. मोटर चालू. दोन्हींचा कोड एकच, अलार्म सोडले तर फरक फक्त त्या मेनूचा. मेनू ठेवला की अंडी फिरतात, काढला की थांबतात. आणि त्या मेनूला तर कुणी हातही लावत नव्हतं. मी बोरा साहेबांना फोन करून हे सांगितलं.

"मग मेनू ठेव ना," ते म्हणाले.

मालक लोकांचा हा गुण मला आवडतो. पण कारण कळल्याशिवाय मेनू ठेवणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फेकणं. मी अंगणात बाजेवर बसलो आणि लिंकरची मॅप फाईल उघडली.

इथं थोडं समजावून सांगायला लागेल. सी भाषेतला प्रोग्रॅम एका फाईलमध्ये नसतो. आमचा चाळीसेक फाईलींचा आहे. कंपायलर प्रत्येक फाईलचं मशिनच्या भाषेत वेगवेगळं रूपांतर करतो. त्या तुकड्याला ऑब्जेक्ट फाईल म्हणतात. ह्या फाईली एकमेकींच्या फंक्शनना नावानं हाक मारतात. मुख्य फाईल म्हणते 'टर्न एग्ज', म्हणजे अंडी फिरव. ते नाव कुणाचं, ते फंक्शन कुठं बसलंय, हे शोधून हाक मारणारा आणि ओ देणारा यांची गाठ घालून देतो तो लिंकर. एखादं नाव सापडलं नाही तर तो एरर देतो. एकाच नावाची दोन फंक्शनं सापडली तरी एरर देतो. एरवी तो कडक माणूस आहे.

फक्त एका ठिकाणी तो सवलत देतो. फंक्शनवर 'वीक' असा शिक्का मारता येतो. वीक म्हणजे एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल. जागा धरलेली आहे, पण त्याच नावाचं खरं फंक्शन आलं, ज्याला आम्ही स्ट्राँग म्हणतो, तर रुमाल उचलायचा आणि त्याला बसवायचं. कुणीच आलं नाही तर रुमालावर भागवायचं. भांडण नाही, एरर नाही.

ह्याचा आम्हाला फार उपयोग होतो. आमच्या लहान मॉडेलला मोटर नसते, लोक हातानं अंडी फिरवतात. म्हणून मुख्य फाईलमध्ये मी एक वीक 'टर्न एग्ज' लिहून ठेवलंय. ते काहीच करत नाही, नुसतं 'झालं' असं उत्तर देतं. मोठ्या मॉडेलसाठी रोलरची वेगळी फाईल आहे. तिच्यात मोटर चालवणारं खरं 'टर्न एग्ज' आहे. मोठं मॉडेल बनवताना दोन्ही फाईली लिंकरच्या हातात द्यायच्या, की खरं फंक्शन आपोआप वर बसतं. सहा वर्षं हे विनातक्रार चाललं.

आता माझा स्वभाव. मी घरात पाहुण्यांच्या चपला सरळ लावणारा माणूस आहे. महिन्यापूर्वी काम जरा कमी होतं, तेव्हा मला आमच्या कोडकडे बघवेना. रोलरची फाईल इकडे, पंख्याची तिकडे. मी अशा सगळ्या मॉडेलांच्या फाईली गोळा केल्या आणि त्यांची एक लायब्ररी केली. लायब्ररी म्हणजे ऑब्जेक्ट फाईलींचं गाठोडं. लिंकरला चाळीस फाईलींऐवजी थोड्या फाईली आणि एक गाठोडं द्यायचं. किती स्वच्छ! मी बोरा साहेबांना बोलावून दाखवलंही होतं. ते "छान" म्हणाले होते, तेही न बघता.

पण गाठोड्याचा नियम वेगळा असतो. हातात दिलेली प्रत्येक फाईल लिंकर घेतोच. गाठोड्यातली मात्र सगळी घेत नाही. त्याच्याजवळ न सापडलेल्या नावांची यादी असते. यादीतलं नाव गाठोड्यातल्या ज्या फाईलीत असेल तेवढीच तो बाहेर काढतो. बाकीच्यांना हात लावत नाही. उगाच मेमरी भरू नये म्हणून हे केलेलं आहे आणि ते शहाणपणाचंच आहे.

बाजेवर बसून मी मॅप फाईल वाचत होतो. लिंकरनं कुठलं नाव कुठल्या फाईलीतून घेतलं याचा तो रिपोर्ट असतो. हजारो ओळींचा. काही अडल्याशिवाय तो कुणी उघडत नाही. मी 'टर्न एग्ज' शोधलं. समोर लिहिलं होतं, मुख्य फाईल. रोलरची फाईल शोधली. सापडली नाही. अख्ख्या रिपोर्टमध्ये तिचं नाव नव्हतं. दोनशे ऐंशी अंडी ज्या मशिनमध्ये होती, त्या मशिनच्या प्रोग्रॅममध्ये रोलर फिरवणारी फाईल गेलेलीच नव्हती.

मग टेस्टच्या प्रोग्रॅमची मॅप फाईल उघडली. तिच्यात ती होती.

आणि मी बाजेवरच मोठ्यांदा हसलो. मंदाताई दारातून डोकावल्या. "सापडलं?"

"सापडलं."

"कोन हाय?"

"मीच," मी म्हणालो.

झालं होतं ते असं. लिंकरनं मुख्य फाईल घेतली. तिच्यात 'टर्न एग्ज' होतं. वीक का असेना, होतं. त्यानं यादीतल्या त्या नावावर काट मारली. मग गाठोड्यापाशी आला, तेव्हा त्याला 'टर्न एग्ज' हवंच नव्हतं. त्यानं गाठोड्यातली रोलरची फाईल उघडली नाही. वीक आणि स्ट्राँगची गाठच पडली नाही, तर रुमाल उचलणार कोण? नियम एकही मोडला नव्हता, म्हणून एररही नव्हता, वॉर्निंगही नव्हती.

आणि टेस्टमध्ये चालायचं कारण तो मेनू. त्या मेनूत 'रोलर टेस्ट' म्हणून एक फंक्शन आहे, ते फक्त रोलरच्या फाईलीत आहे. ते नाव यादीत शिल्लक राहिलं, म्हणून लिंकरनं ती फाईल गाठोड्यातून काढली. तिच्याबरोबर खरं 'टर्न एग्ज' आत आलं आणि त्यानं जागा घेतली. म्हणजे आमची टेस्ट ज्या गोष्टीची परीक्षा घेत होती, ती गोष्ट टेस्टमुळेच आत येत होती. आम्ही महिनाभर फक्त तीच तपासत होतो.

नशीब एवढंच, की लायब्ररी केल्यापासून गेलेलं मोठ्या मॉडेलचं हे पहिलंच मशिन होतं.

दुरुस्ती दोन ओळींची होती. पहिली, रोलरची फाईल गाठोड्यातून काढून पुन्हा थेट लिंकरच्या हातात दिली. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. माझं ते रिकामं वीक फंक्शन 'झालं' असं खोटं उत्तर द्यायचं, म्हणून डिस्प्लेवरचा आकडा वाढायचा. ते बदलून 'नाही झालं' केलं. ज्यानं काम केलं नाही त्यानं निदान तसं सांगावं. मग प्रोग्रॅम नव्यानं बनवला, मॅप फाईलीत रोलरची फाईल आहे हे बोट ठेवून वाचलं आणि मशिनमध्ये भरला.

मी घड्याळ पुढे करायला बटणाकडे हात नेला. मंदाताईंनी अडवलं.

"घड्याळ पुढं ढकलू नका. तास भरू द्या. अंड्यांचा तास खराच असतो."

तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. एकपर्यंत थांबायचं होतं. मंदाताईंनी बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि लसणाची चटणी वाढली. "अंडं सोडून काय बी मागा," म्हणाल्या. जेवताना त्यांनी विचारलं, नेमकं काय झालं होतं. मी रुमालाचं उदाहरण दिलं. एसटी, सीट, खिडकी, सगळं सांगितलं. गाठोडंही सांगितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडत ऐकून घेतलं.

"म्हंजे खुराड्यातल्या अंड्यागत," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"कोंबडीनं रोज येकाच जागी अंडं घालावं म्हनून आमी तिथं येक खोटं अंडं ठिवतो. चुन्याचं, न्हाईतर लाकडाचं. नुसतं जागा दाखवायला. आता खुडूक कोंबडी तिथं उबवाया आली. खरी अंडी तिच्यासमोर मांडली तर खोटं आपन काढून घेतो. पन खरी तुमी पाटीत घालून माळ्यावर ठिवली. कोंबडी माळ्यावर जाऊन बघती व्हय? हाय त्याच्यावर बसली. खोट्यावर. तिची काय चूक?"

कॉलेजात आम्हाला हे शिकवायला दोन लेक्चर लागली होती आणि तरी निम्म्या वर्गाला कळलं नव्हतं.

"चूक पाटी माळ्यावर ठेवणाऱ्याची," मी म्हणालो.

"व्हय," त्या म्हणाल्या आणि मला आणखी अर्धी भाकरी वाढली.

एकला पाच मिनिटं कमी असताना आम्ही पुन्हा काचेला नाक लावलं. मंदाताईंनी जेवायला बसण्याआधी हातानं सगळ्या फुल्या पुन्हा वर करून ठेवल्या होत्या. एक वाजला. मोटरचा बारीक घरघर आवाज आला. रोलर हलले. अंडी हळूहळू वळायला लागली, बारकी जास्त, मोठी कमी. शिस्तीत उभ्या असलेल्या फुल्यांची रांग मोडली. कुठं अर्धी फुली, कुठं गोळ्याची कड, कुठं नुसतं कवच. इतका सुंदर गोंधळ मी पूर्वी पाहिला नव्हता. मंदाताईंनी पदरानं काच पुसली, ती स्वच्छ असूनही. मग हिराबाईंना फोन लावला आणि म्हणाल्या, "फिरली वं, बाई. माझ्या डोळ्यांदेखत फिरली."

मी परत येताना पुन्हा दोन ट्रॉल्यांच्या मागे सापडलो. अजिबात राग आला नाही.

ऑफिसात बोरा साहेबांनी विचारलं, "व्होल्टेज होतं ना?" मी म्हणालो, "नाही, साफसफाई होती." आणि सगळं सांगितलं, अंड्याचं उदाहरण देऊन. त्यांना पहिल्या फटक्यात कळलं. रुमालाचं उदाहरण मी त्यांना पूर्वी चारदा दिलं होतं.

एकविसाव्या दिवशी मी देवळालीला गेलो. कामाचं कारण काढलं होतं, पण खरं म्हणजे मला राहवलं नाही. शेडच्या बाहेरूनच चिवचिव ऐकू येत होती. हिराबाई पाड्यावरच्या दोघी बायकांना घेऊन आल्या होत्या, डोक्यावर बांबूची डालगी. बारीक चणीच्या, मोजकं बोलणाऱ्या बाई. पिल्लं मोजायचं काम त्यांनी कुणाला दिलं नाही. दोनशे अकरा भरली. काळी, तांबडी, ठिपक्यांची, एक मानेवर पिसं नसलेलं. त्यांनी ते एक उचलून मला दाखवलं. "ही आमच्या वरल्या अंगाची जात," त्या म्हणाल्या. "संपली असं वाटलं हुतं." मी मान हलवली.

निघताना मंदाताईंनी रिकाम्या कवचांच्या ढिगातून एक अर्धं कवच काढून माझ्या हातावर ठेवलं. त्यावर पेन्सिलीची फुली होती. ते आता माझ्या टेबलावर मॉनिटरखाली असतं. सफाई करणाऱ्या मावशींना ते टाकायची सक्त मनाई आहे.

त्यानंतर आमच्याकडे एक नवीन टेस्ट सुरू झाली. गाडीत चढण्याआधी प्रत्येक मोठं मशिन, टेस्टचा नाही तर गिऱ्हाइकाकडे जाणारा खराच प्रोग्रॅम भरून, पूर्ण एक तास चालवायचं. घड्याळ पुढे करायचं नाही. रोलरवर बारा लाकडी अंडी, लहानमोठी, प्रत्येकावर पेन्सिलीची फुली. तास भरल्यावर माणसानं जाऊन बघायचं. चेकलिस्टवर तिचं नाव 'मंदाताई टेस्ट' असंच छापलंय. बोरा साहेबांनी आधी विचारलं होतं, एक तास मशिन अडकवून ठेवायचं? मी त्यांच्यापुढे कवच ठेवलं. त्यांनी सही केली.

कोड स्वच्छ ठेवायची माझी खोड गेलेली नाही. लायब्ररी अजून आहे, फक्त वीकची जागा घेणारी फाईल तिच्यात टाकत नाही, आणि मॅप फाईल दर वेळी वाचतो. कंपायलर गप्प, लिंकर गप्प, डिस्प्लेवर आकडा बरोबर, असं सगळं जुळून आलं की पूर्वी मी चहाला जायचो. अजूनही जातो, पण त्याआधी उठून फुली कुठं आहे ते बघून येतो.